82 टक्के वाया जात नाहीत

वाळपईहून एका मुलीचं पत्र आलंय: ‘ताई, मला दहावीला 82 टक्के पडले. मला पणजीला आल्तिनोच्या सरकारी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचाय. पावसात लाईट गेली की शेजारच्या काकी फ्यूज बघायला मलाच हाक मारतात, मला ते काम आवडतं. आई म्हणते, पॉलिटेक्निक कमी मार्कवाल्यांसाठी. एवढे टक्के कशाला वाया घालवतेस? अकरावी सायन्स घे, साखळीला बी.एस्सी. कर, मग विद्यापीठात जा. बाबा काहीच बोलत नाहीत. मी काय करू?’

बाळ, आधी आईची भीती समजून घे. डिप्लोमा केला की पदवीचं दार कायमचं बंद, असं तिच्या मनात बसलंय. तसं नाही. तीन वर्षांचा डिप्लोमा चांगल्या गुणांनी केलास तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे तीन अधिक तीन, सहा वर्षं. अकरावी-बारावी करून चार वर्षांची बी.ई. केलीस तरी सहाच. शिवाय फर्मागुडीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजची पदवी गोवा विद्यापीठाचीच असते. आईला हा हिशेब कागदावर मांडून दाखव. नुसतं ‘मला आवडतं’ म्हणून तिचं समाधान होणार नाही, आणि का व्हावं? तिला तुझी पुढची वीस वर्षं दिसतायत.

पण तुलाही एक विचारते. गणितात किती पडले? पत्रात ते नाही. फ्यूज बदलणं आणि इलेक्ट्रिकल शिकणं यात खूप अंतर आहे. एसी सर्किट (एसी म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज), ट्रान्सफॉर्मर, मोटर हे सगळं गणितावर उभं आहे. डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली मुलं सर्वांत जास्त अडखळतात ती तिथल्या गणितात, कारण बारावीवाल्यांचा त्यातला पाया जास्त पक्का झालेला असतो. गणिताचा कंटाळा असेल तर हा रस्ता तुला छळेल. गणित आवडत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आल्तिनोला जा. चांगले टक्के पडलेल्या मुलीने डिप्लोमा केला तर काही वाया जात नाही. उलट थेट प्रवेशाच्या जागा मोजक्या असतात, त्या अशाच मुलांना मिळतात.

आईचा रस्ता कधी बरोबर? तुला विज्ञानाची शिक्षिका व्हायचं असेल, भौतिकशास्त्रात संशोधन करायचं असेल, किंवा फार्मसी, मेडिकलचा विचार मनात कुठेतरी असेल तर. त्यासाठी बारावी सायन्सचाच रस्ता सरळ आणि डिप्लोमा करून मागे फिरणं जड जातं. ‘अजून काही ठरलं नाही’ असं खरं उत्तर असेल तर अकरावी घे, त्यात हार नाही.

नोकरीचंही सांगते. वीज खात्यात कनिष्ठ अभियंत्याच्या जागेला डिप्लोमाधारक अर्ज करू शकतात. वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांत देखभालीच्या कामाला त्यांना घेतात. डिप्लोमानंतर वर्षभराची अप्रेंटिसशिपही करता येते, तिथे विद्यावेतन मिळतं. मात्र एकदा हातात पगार यायला लागला की पुन्हा अभ्यासाला बसणारे थोडेच. पदवी करायचीच असेल तर मध्ये खंड पडू देऊ नकोस. आणि साइटवर मुलगी बघून ‘तू ऑफिसात बस’ म्हणणारे अजून भेटतात. ऐकून घ्यायचं नाही. मीटर हातात घेऊन काम दाखवायचं.

वाळपई ते पणजी रोजचा बसप्रवास लांबचा आहे, पावसाळ्यात तर अंगावर येतो. पहाटेची बस पकडून दिवसभर प्रॅक्टिकल आणि रात्री जर्नल लिहिणं तीन वर्षं जमेल का, की पणजीत राहायची सोय बघायची, हे आत्ताच ठरवा.

आता दोन्हीकडचे फॉर्म भर, एकही तारीख चुकवू नकोस. एके दिवशी आईला घेऊन आल्तिनोला जा, इलेक्ट्रिकलची लॅब दाखव, तिथल्या बाईंशी किंवा सरांशी तिलाच बोलू दे. तिच्या प्रश्नांना तू मध्ये पडून उत्तरं देऊ नकोस. आणि बाबा गप्प आहेत ते बहुधा पैशांच्या विचारात असतील. डिप्लोमानंतरची तीन वर्षं फी, बस, राहणं कसं भागवायचं, हे त्यांना तूच विचार, तेही फॉर्म भरायच्या आधी.