पाणी शिरलेले डायव्हिंगचे घड्याळ : दुरुस्त करावे की नवे घ्यावे?

डायव्हिंगच्या घड्याळात पाणी गेले की वाचक बहुधा एकच गोष्ट विचारतात : दुरुस्तीचा खर्च करण्यात अर्थ आहे का? माझ्या मते येथे दोन निर्णय वेगवेगळे घ्यावे लागतात. मशीन पुन्हा चालेल का, हा प्रश्न पैशांचा आहे. केस, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे धातूचे कवच, पुन्हा पाण्याचा दाब सहन करील का, हा प्रश्न पैशांनी नेहमीच सुटतो असे नाही.

प्रश्न : तारकर्लीला स्कूबा करताना माझ्या सैको एसकेएक्स 007 ची चावी (बाजूचे फिरवायचे बटण) पूर्ण आवळलेली नव्हती. काचेवर आतून धुके आले आणि दोन दिवसांत घड्याळ बंद पडले. त्यानंतर आठवडाभर ते कपाटातच होते. दुकानदार मशीन बदलायला सांगतात, मित्र नवे घ्यायला सांगतात. (पुणे)

समुद्राचे पाणी आणि मध्ये गेलेला एक आठवडा, या दोन गोष्टी ऐकल्यावर मशीन वाचवण्याचा आग्रह मी धरणार नाही. पाणी सुकते, पण मीठ आतच राहते, हवेतला दमटपणा ओढून घेते आणि पोलादी भागांवर गंज चढवत राहते. चावीची दांडी, वेळ लावण्याचे खटके, स्क्रू आणि चाकांच्या बारीक पोलादी धुऱ्या यांना पहिला फटका बसतो. धुरीच्या टोकावर गंजाचे खड्डे पडले की ती कितीही स्वच्छ केली तरी तिला आधार देणाऱ्या माणकाच्या (बारीक खड्याच्या) भोकात सरळ फिरत नाही. तुमच्या घड्याळातले 7एस26 हे मशीन मजबूत आहे, पण महाग नाही. ते पूर्ण उघडून, धुऊन, गंजलेले भाग शोधून बसवण्याची मजुरी बहुतेक वेळा नव्या मशीनच्या किमतीपेक्षा जास्त होते. त्याच कुळातले एनएच36 त्याच्या जागी बसते, आणि जुन्या मशीनला नसलेल्या दोन सोयी त्यात आहेत : चावी फिरवून घड्याळाला किल्ली देता येते आणि वेळ लावताना सेकंदकाटा थांबवता येतो. एवढेच पाहावे की तुमच्या घड्याळाची चावी तीनच्या समोर नसून थोडी खाली, चारच्या बाजूला आहे. त्यामुळे वार-तारखेच्या चकत्या त्या रचनेच्याच हव्यात, नाहीतर आकडे खिडकीत तिरके दिसतील.

म्हणजे मशीनबद्दल दुकानदारांचे म्हणणे बरोबर आहे. केसबद्दल मात्र ते काही बोललेले दिसत नाहीत. त्यांना मागच्या झाकणाचे रबरी कडे, म्हणजे गॅस्केट, काढून त्याखालची बैठक भिंगातून दाखवायला सांगा. खारट पाणी अशा अरुंद फटीत अडकून राहिले की चांगले स्टेनलेस स्टीलही तेथे खड्डे पडून झिजते. ही बैठक गुळगुळीत असेल आणि चावीचे आटे शाबूत असतील, तर नवे मशीन, नवी चावी आणि सगळी नवी गॅस्केटे बसवून घ्या. खर्च सार्थकी लागेल. बैठकीवर काळे खड्डे असतील किंवा चावी फिरवताना आटे घसरत असतील, तर हात आखडता घ्या. स्विस घड्याळांत चावी ज्या नळीवर आवळली जाते ती बहुधा बदलता येते. सैकोच्या अनेक मॉडेलांत ती केसचाच भाग असते, वेगळी बदलता येत नाही.

नवे घेणार असाल तर एक सावधगिरी हवी. एसकेएक्स मालिका आता बनत नाही. तिच्यासारखी दिसणारी सैको 5 स्पोर्ट्सची 2019 मध्ये आलेली घड्याळे 100 मीटरची (म्हणजे तेवढ्या खोलीच्या दाबासाठीची) आहेत आणि त्यांची चावी आट्यांनी आवळली जात नाही. दिसायला भाऊ, पण ती डायव्हिंगची घड्याळे नव्हेत. पाण्यात जायचे असेल तर प्रॉस्पेक्स मालिकेतले 200 मीटरचे घड्याळ पाहा.

प्रश्न : कॅसिओच्या ड्युरो या क्वार्ट्झ घड्याळात पाणी गेले. तांदळाच्या डब्यात ठेवले आहे. किती दिवस ठेवावे? (ठाणे)

आजच काढा. बंद केसमधले पाणी तांदूळ ओढू शकत नाही, आणि झाकण उघडून ठेवले तर पीठ आत जाते. हेअर ड्रायरही नको. गरम हवेने ओल काचेवरून उठते आणि मशीनमध्ये जाऊन बसते. स्पिरिटमध्ये बुडवण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही टाळा, कारण त्याने डायलवरचे लाखेचे आवरण खराब होऊ शकते. यांत्रिक घड्याळात तर पॅलेटची (चाकांची गती अडवून सोडणाऱ्या भागाची) माणके ज्या लाखेने चिकटवलेली असतात, तीच विरघळते. पहिला उपाय म्हणजे झाकण उघडून सेल काढणे. ओल्या सर्किटमधून प्रवाह चालू राहिला की धातू झपाट्याने झिजतो. क्वार्ट्झ मशीनची दुरुस्ती सहसा कोणी करत नाही, ते बदलतात. या किमतीच्या घड्याळाला मशीन, गॅस्केट आणि मजुरी धरून नव्याच्या निम्म्याहून अधिक खर्च येत असेल तर नवे घ्या. त्यात भावनेचा प्रश्न नसेल, तर विचार करत बसण्यासारखे फार काही नाही.

प्रश्न : वडील मर्चंट नेव्हीत होते. त्यांचे 1960 च्या दशकातले फाव्र-ल्युबा डीप ब्लू माझ्याकडे आहे. कधीतरी पाणी जाऊन डायलवर तपकिरी डाग पडले आहेत, काट्यांतला चमकणारा रंग फुगून सुटू लागला आहे. एका कारागिराने डायल नवा रंगवून 'शोरूमसारखे' करून देतो असे सांगितले. (रत्नागिरी)

कृपा करून डायल रंगवू देऊ नका. फाव्र-ल्युबाचा मुंबईशी संबंध एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे आणि आपल्याकडे ही घड्याळे घरोघरी होती. म्हणूनच जुन्या केसमध्ये भडक रंगवलेले डायल आणि मिळेल ते भाग घालून विकलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक हेटाळणीने 'मुंबई स्पेशल' म्हणतात. तुमचे घड्याळ एकाच घरात राहिलेले आहे. डागांसह असलेला मूळ डायल हा त्याचा पुरावा आहे आणि तो एकदा धुतला की परत येत नाही. बाजारभावाचा विचार केला तरी माझे मत हेच राहील.

'नवे घ्यावे का' हा प्रश्न येथे लागूच होत नाही. प्रश्न आहे तो किती दुरुस्ती करावी याचा. मशीन पूर्ण उघडून स्वच्छ करून घ्यावे आणि गंजलेले भाग त्याच कॅलिबरच्या (मशीनच्या प्रकाराच्या) दुसऱ्या मशीनमधून मिळवावे. कॅलिबरचा क्रमांक बहुधा बॅलन्सजवळ (मागे-पुढे हलणाऱ्या चाकाजवळ) कोरलेला असतो. त्या काळची हेअरस्प्रिंग, म्हणजे त्या चाकाची बारीक स्प्रिंग, गंजलेली निघाली तर मात्र थांबून विचार करावा लागेल, कारण ती जुळवणे हे सर्वांत कठीण काम आहे. सुटलेला चमकता रंग खरवडू नका, फुंकू नका. त्या दशकात चमकत्या रंगासाठी ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य रूढ होत गेले आणि त्याचा अर्धायुकाल (जोर निम्मा होण्याचा काळ) सुमारे 12.3 वर्षे असल्याने त्याचा जोर आता ओसरलेला आहे. पण त्याआधीच्या रेडियमचा अर्धायुकाल सुमारे 1600 वर्षे आहे आणि त्याची धूळ श्वासातून जाणे घातक असते. डायलवर सहाच्या खाली 'टी' हे अक्षर असेल तर ते ट्रिटियमचे चिन्ह असते. अक्षर नसेल तर रंगात रेडियम असू शकते हे कारागिराला आधी सांगा.

आणि हे घड्याळ यापुढे पाण्यात नेऊ नका. केस कितीही चांगली दिसली तरी हात धुताना काढून ठेवणेच बरे.

प्रश्न : माझे 300 मीटरचे स्विस घड्याळ पाण्यात कधीच गेले नाही, तरी पावसाळ्यात एसी गाडीत बसलो की काचेच्या आत धुके येते आणि पाच मिनिटांत जाते. सर्व्हिस सेंटरने संपूर्ण सर्व्हिसिंगचा मोठा खर्च सांगितला आहे. (पणजी)

अलीकडे घड्याळ कोणी उघडले होते का, हे आधी आठवा. जुलैच्या दमट हवेत झाकण उघडून बंद केले तर ती हवाच आत कोंडली जाते आणि काच थंड झाली की तिच्यातली ओल दिसते. तसे असेल तर कोरड्या खोलीत पुन्हा उघडून बंद करणे पुरेसे ठरू शकते. उघडले नसेल, तर कोठेतरी गॅस्केट सुकले आहे.

डायव्हिंगच्या घड्याळांसाठीच्या आयएसओ 6425 या मानकात धुक्याची जी चाचणी आहे ती साधी आहे : घड्याळ 40 ते 45 अंश सेल्सियसला तापवायचे, काचेवर साध्या तापमानाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा आणि आत धुके आहे का ते पाहायचे. तुमच्या घड्याळाने गाडीत हीच परीक्षा दिली आणि त्यात ते नापास झाले. तरीही लगेच संपूर्ण सर्व्हिसिंगला होकार देऊ नका. आधी प्रेशर टेस्ट आणि उघडून तपासणी एवढेच मागा. गंज नसेल आणि वेळ बरोबर चालत असेल, तर गॅस्केटे बदलून भागेल. मात्र हे काम दिवाळीपर्यंत लांबवू नका.

प्रश्न : दुरुस्तीनंतर घड्याळ डाइव्हला न्यायचे असेल तर दुकानात नेमके काय मागावे? हात हलवल्याने दाब वाढतो, म्हणून 200 मीटरचे घड्याळ प्रत्यक्षात 20 मीटरलाच चालते, असे ऐकले. (दुबई)

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ही समजूत फार पसरली आहे. पाण्यात हात सेकंदाला 5 मीटर या वेगाने मारला, जे सोपे नाही, तरी त्याने वाढणारा दाब सुमारे सव्वा मीटर पाण्याइतकाच असतो. चांगल्या स्थितीतले 200 मीटरचे डायव्हिंगचे घड्याळ 20 मीटरला काठावर नसते. धोका असतो तो जुन्या गॅस्केटांचा, उघड्या राहिलेल्या चावीचा आणि साबणाच्या गरम पाण्याचा.

दुकानात दोन चाचण्या मागा. पहिली कोरडी, हवेच्या दाबाने केस किती दबते हे मोजणारी. यात गळती असली तरी आत पाणी जात नाही. ती उत्तीर्ण झाली तरच पाण्यातली चाचणी, आणि तीही घड्याळावर लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट, म्हणजे 200 मीटरसाठी (सुमारे 20 बार; बार हे दाबाचे एकक) 25 बारपर्यंत. मानकातही हाच हिशेब आहे. ज्यांच्याकडे एवढ्या दाबाचे यंत्र नाही ते 'वॉटरप्रूफ करून दिले' असे म्हणू शकतात, पण ते तपासलेले नसते. कोणत्या दाबाला चाचणी केली तो आकडा आणि तारीख बिलावर लिहून घ्या. आकडा लिहून द्यायला दुकानदार तयार नसेल, तर ते घड्याळ जमिनीवर वापरा आणि डाइव्हसाठी मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारे उपकरण) बांधा.