वाचकांचे प्रश्न : घाम निथळतो, तरी अंग तापते

प्रश्न : मी मूळचा अकोल्याचा. गावी मार्च महिन्यातही पहाटे दहा किलोमीटर सहज धावत असे. नोकरीनिमित्त ठाण्यात आल्यापासून, तापमान तिकडच्याहून कमी असूनही, सहाव्या किलोमीटरला गरगरू लागते आणि बनियन पिळावा इतका घाम येतो. दर दहा मिनिटांनी पाणी पितो. ते कमी पडते आहे का?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून पाणी पुरेसे दिसते, अडचण घाम वाळण्याची आहे. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश भागाची उष्णता होते, आणि ती बाहेर टाकण्याचा उन्हाळ्यातील मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच कोपरावरून रस्त्यावर ठिबकला तर शरीरातले पाणी जाते आणि गारवा मात्र मिळत नाही. अकोल्याच्या कोरड्या हवेत घाम आल्याचे कळतही नाही, कानशिलांवर मिठाची पांढरी रेघ तेवढी उरते. खाडीकाठच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की घामाला वाळायला वावच नसतो. २०१९ मध्ये दोहा येथे जागतिक स्पर्धेतील महिलांची मॅरेथॉन उन्हामुळे मध्यरात्री ठेवली होती; तरीही दमट हवेने घात केला आणि ६८ धावपटूंपैकी २८ जणींना शर्यत अर्धवट सोडावी लागली.

तेव्हा आधी वेग कमी करावा. दमट हवेत रोज थोडे थोडे धावल्यास शरीर दहा ते चौदा दिवसांत बरेचसे जुळवून घेते.

पाण्याचा हिशेब वजनकाट्यावर करावा. धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांवर वजन करावे. समजा ६२ किलोचे ६१.२ झाले आणि वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायलात, तर घाम सुमारे १.३ लिटर गेला. घट दोन टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नसावी. वजन वाढलेले दिसले तर मात्र सावध व्हावे, कारण अति पाण्याने रक्तातील सोडियम उतरते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांत ते उतरलेले आढळले होते. दर दहा मिनिटांचा नियम त्यामुळे सोडलेला बरा. तहान लागेल तसे प्यावे. तासाभरापेक्षा अधिक धावायचे असेल तर लिंबू-सरबतात थोडे मीठ घालून न्यावे.

गरगरू लागताच थांबून सावलीत बसावे. सोबतचा धावपटू असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. शरीराच्या आतले तापमान तेव्हा बहुधा ४० अंशांच्या वर गेलेले असते. रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत न बसता त्याला बर्फाच्या पाण्यात बसवावे किंवा अंगभर गार पाणी ओतत वारा घालावा. पाणी पाजण्याचा आग्रह धरू नये. भान हरपलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकते.