त्रिज्येचं नातं, बरोबरच्या दोन रेघा आणि ६१७४

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. ‘पाचात तीन मिळवा, मग त्यात दोन मिळवा’ हे तो ५ + ३ = ८ + २ = १० असं एका ओळीत लिहितो. उत्तर बरोबर असूनही बाई चूक देतात. हे योग्य आहे का?

उत्तर : योग्य आहे. मुलाला = ही खूण म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असं वाटतंय. खरं तर = म्हणजे तराजू. त्याच्या ओळीत पहिल्या पारड्यात ५ + ३ आहे, मधल्यात ८ + २, तराजू कलला. ही खूण पहिल्यांदा छापली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्सच्या डॉक्टरने, १५५७ साली. दर वेळी ‘याच्या बरोबर आहे’ असं शब्दांत लिहून तो कंटाळला होता. म्हणून त्याने सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा घेतल्या, कारण याहून सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मुलाला ५ + ३ = ८ लिहू द्या आणि त्याखाली, नव्या ओळीवर, ८ + २ = १०. आठवडाभरात सवय मोडेल.

प्रश्न : ‘साइन थीटा’ मधल्या साइनचा अर्थ काय? आमच्या सरांनी फक्त सूत्र दिलं.

उत्तर : हा प्रश्न विचारलात याचा फार आनंद झाला. अर्थ तुमच्या भूमितीच्या पुस्तकातच आहे. वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणारा रेषाखंड म्हणजे जीवा. जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास अर्ध्या दोरीची, म्हणजे अर्धज्येची कोष्टकं दिली आणि पुढे नुसतं ‘ज्या’ म्हणणं रूढ झालं. आजचं साइन ते हेच.

अरबांनी ‘जीवा’ हा शब्द ध्वनीसकट उचलला, पण त्यांच्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. नंतरच्या वाचकांनी तीच अक्षरं ‘जैब’ अशी वाचली. जैब म्हणजे अंगरख्याची घडी, गळ्याखालचा खोलगट भाग. हिंदीतली जेब तीच! बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी घडीला त्यांचा शब्द दिला : सायनस. त्याचं झालं साइन.

आणि त्रिज्या? ती ‘तीन राशींची ज्या’. एक रास ३० अंशांची, तीन राशी म्हणजे ९० अंश, आणि ९० अंशांची ज्या वर्तुळाच्या केंद्रापासून परिघापर्यंतच्या अंतराएवढी असते. आठवीतलं मूल ‘त्रिज्या’ म्हणतं तेव्हा त्याने त्रिकोणमितीचं एक मूल्य उच्चारलेलं असतं. हे वर्गात सांगायला पाच मिनिटं पुरतात, म्हणूनच ते न सांगितल्याचं वाईट वाटतं.

प्रश्न : एकोणसाठ म्हटलं की नातीला ६९ वाटतं. काय करू?

उत्तर : शब्द फोडून दाखवा. एक + ऊन, ऊन म्हणजे कमी. साठाला एक कमी. हे एकोणनव्वदपर्यंत चालतं; ९९ ला मात्र ‘एकोणशंभर’ न म्हणता नव्याण्णव म्हणतात, ते संस्कृत ‘नवनवति’ वरून.

प्रश्न : मुलीने तिचं जन्मवर्ष २०१४ घेऊन अंकांची उलटसुलट वजाबाकी केली आणि शेवटी ६१७४ आलं. मैत्रिणीच्या वर्षालाही तेच. हे कसं?

उत्तर : हा शोध दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा. जन्म १९०५, डहाणू. आयुष्यभर देवळालीच्या शाळेत मास्तर. मोठी पदवी नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. संख्यांच्या एका प्रकाराला त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिलं, कारण ती कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनात सुचली.

२०१४ चे अंक उतरत्या क्रमाने ४२१०, चढत्या क्रमाने ०१२४. वजाबाकी ४०८६. तेच पुन्हा करत गेलं की ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेला ६१७४. पुढे ७६४१ – १४६७ परत ६१७४. पुढचं शून्य गाळू नका, गणित तिथेच फसतं.

कारण असं : उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातल्या फरकाची ९९९ पट, अधिक मधल्या दोन अंकांतल्या फरकाची ९० पट. इथे फरक ४ आणि १, म्हणून ३९९६ + ९० = ४०८६. चारही अंक सारखे असलेल्या संख्या सोडल्या तर अशी उत्तरं फक्त ५४ निघतात. म्हणजे हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ जागी गोळा होतात, आणि त्या सगळ्यांच्या वाटा जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ला मिळतात. एका रविवारी मुलीला या ५४ संख्या कागदावर मांडून बाण काढू द्या.

तीन अंकी संख्यांनाही अशीच एक संख्या आहे, ४९५. ती तिला सांगू मात्र नका, स्वतः सापडू द्या.