औषधी शॅम्पू घेण्यापूर्वी टाळू पाहा

तुम्ही पहिल्यांदाच औषधी शॅम्पू घेत आहात, म्हणून आधी टाळू नीट पाहून घ्या, कारण हा शॅम्पू केसांसाठी नसून टाळूसाठी असतो. दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. भांगाजवळ पिवळसर, तेलकट पापुद्रे आणि खाज असेल, तर 2 टक्के कीटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शॅम्पू उपयोगी पडतो. तो आठवड्यातून दोनदा टाळूला लावून 3 ते 5 मिनिटे तसाच ठेवावा. सुरुवातीला मी तो लावताच धुऊन टाकत असे आणि न्हाणीघराच्या जाळीवर अडकलेले केस पाहून खचून जात असे. आपल्या रत्नागिरी-मालवण पट्ट्यात पावसाळ्यात केस लवकर वाळत नाहीत, त्यात खोबरेल तेल चोपडण्याची सवय; कोंड्याशी संबंधित बुरशी टाळूवरच्या तेलकटपणावर पोसते, तेव्हा उपचार चालू असेपर्यंत घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी रात्रभर तेल ठेवू नका. टाळू स्वच्छ असूनही, मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हाती येत असतील, तर शॅम्पूवर पैसे घालवण्याऐवजी डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासून घ्या. चाई पडल्यासारखा गोल चट्टा दिसला, तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.