फुलं भरपूर, फळ एकही नाही : परसबाग प्रश्नोत्तरं

या महिन्यात पोस्टाने आणि व्हॉट्सॲपवर मिळून जे प्रश्न आलेत त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार एकच आहे, वेल मस्त वाढलीय पण धरत नाही. आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी "कुठलं खत घालू?" हे ठरलेलं. खताचं नंतर बघू हो, आधी फूल बघू.

प्रश्न : रानभाज्या विकणाऱ्या मावशींकडून करटोलीचा कंद मागून आणला आणि कुंपणाशी लावला. दोन पावसाळे वेल छान चढली, पिवळी फुलंही ढिगाने येतात, पण करटोलं एकही नाही. शेणखत, गांडूळखत, केळ्याच्या सालीचं पाणी सगळं करून झालं. – एक वाचक, बदलापूर

उत्तर : ताई, तुमची वेल नर आहे. म्हणजे फोटो न बघताही मी नव्वद टक्के तेच म्हणेन, कारण करटोलीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते, दुधी-काकडीसारखी दोन्ही फुलं एकाच वेलीवर येत नाहीत. त्यामुळे तुम्ही ट्रकभर शेणखत ओतलंत तरी नर वेलीला फुलंच येणार, फळ नाही.

खात्री कशी करायची ते सांगते. फूल समोरून बघू नका, बाजूने बघा. पाकळ्यांच्या मागे, देठाच्या टोकाला हरभऱ्याएवढी किंवा त्याहून लहान, मऊ काट्यांची हिरवी गाठ दिसली तर ते मादी फूल, ती गाठ म्हणजेच पुढे होणारं करटोलं. नर फुलाचा देठ सरळसोट असतो आणि त्याच्या कळीला एक छोटं हिरवं पान टोपीसारखं कवटाळून असतं. एकदा बघितलंत की परत कधी चुकणार नाही.

आता करायचं काय, तर ही वेल उपटून टाकू नका, उलट जपा. नर नसेल तर मादीचा काही उपयोग नाही, आणि साधारण आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. तुम्हाला हवाय मादी कंद. ज्यांच्याकडे दरवर्षी करटोली लागतात त्यांच्याकडून लागणाऱ्या वेलीचाच कंद मागा. बियांपासून करायला गेलात तर नर-माद्या साधारण निम्म्या-निम्म्या निघतात, आणि कुठली कुठली आहे ते फूल येईपर्यंत कळत नाही, शिवाय बीचं कवच इतकं टणक की उगवायलाच आठवडे घेतात. वाळवंटात उंट शोधायला सांगितल्यासारखं होईल ते.

मादी वेल आली की पहिलं वर्ष परागीकरण स्वतः करा. रानात हे काम रात्रीचे पतंग करतात, कारण करटोलीचं फूल संध्याकाळी दिवेलागणीला उमलतं. शहरात पतंगांचा भरवसा नाही. मग साधारण सात-आठच्या सुमारास टॉर्च घेऊन जायचं, नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे मोडायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलात हलकेच टेकवायचा. बास. दहा-पंधरा दिवसांत भाजीजोगं करटोलं मिळतं. हिरवं असतानाच काढा, पिवळं व्हायला लागलं की आत बिया कडक झाल्याच म्हणून समजा, आणि मग घरातले सगळे "यात काय एवढं" म्हणतात.

अजून एक, दिवाळीच्या आसपास वेल वाळते, ती मेलेली नसते, कंद जमिनीत झोपलेला असतो. दरवर्षी कोणीतरी साफसफाईच्या नादात तो खणून फेकतं. तिथे एक काठी रोवून ठेवा. वळवाचा पाऊस पडला की कोंब वर येतोच.

प्रश्न : टेरेसवर ड्रॅगन फ्रूट लावलंय, लाल गराचं. यंदा सात-आठ कळ्या आल्या, केवढा आनंद झाला, पण फूल येऊन गेल्यावर चार-पाच दिवसांत पिवळं पडून गळतं. पाणी रोज देतो. – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुम्ही फूल उमललेलं बघितलंत का कधी? पत्रावरून वाटतं नाही. कारण ते रात्री उमलतं, अंधार पडल्यावर सुरुवात होते, दहा-अकराला पूर्ण उघडतं, चांगलं फूटभर लांब पांढरंशुभ्र, आणि सकाळी ऊन चढलं की मान टाकतं. एकच रात्र. आपण चहा घेऊन टेरेसवर जातो तेव्हा कार्यक्रम आटोपलेला असतो.

लाल गराच्या बऱ्याच जातींना स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या जातीचे लागतात. पांढऱ्या गराच्या बहुतेक जाती स्वतःच्या परागावर धरतात, पण त्यातही मधली मादी दांडी पुंकेसरांच्या वर डोकं काढून असते त्यामुळे आपण ब्रश फिरवला तर फळ मोठं होतं. तेव्हा पांढऱ्या गराची एक कांडी कोणाकडून तरी मिळवा, कांडीपासून सहज येतं, साधारण दीड-दोन वर्षांत फुलावर येईल. तोपर्यंत सोसायटीत किंवा गार्डनिंगच्या ग्रुपवर विचारा, कोणाकडे त्याच रात्री फूल असेल तर डबीत पराग झटकून आणा आणि मऊ ब्रशने मधल्या बोटाबोटांच्या चांदणीवर लावा. पराग कोरडे असतील तर फ्रीजमध्ये काही दिवस टिकतात. पाऊस असेल तर फुलावर पिशवी सैलसर घाला, भिजले की पराग वाया.

आणि रोज पाणी कशाला? निवडुंग आहे तो! पावसाळ्यात कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजतात आणि कळ्याही गळतात. बोट दोन इंच खुपसून बघा, कोरडं लागलं तरच घाला. सांगली-सोलापूरकडे कमी पाण्याच्या भागात शेतकऱ्यांनी हे पीक उगाच नाही धरलं. उन्हाळ्यात मात्र एप्रिल-मेमध्ये टेरेसवरच्या उन्हाने कांड्या पिवळ्या-पांढऱ्या भाजतात, तेवढे दोन महिने ग्रीन नेट लावा. फळ धरलं की महिनाभरात साल लाल होते, लगेच तोडू नका, चार-पाच दिवस थांबा. झाडावरून काढल्यावर ते गोड होत नाही, बाजारातलं पाणचट लागतं त्याचं एक कारण हेच.

(गुजरात सरकारने 2021 मध्ये याला कमलम् म्हणायचं ठरवलं, तेव्हा नर्सरीत त्या नावानेही विचारून बघा.)

प्रश्न : पॅशन फ्रूटची वेल गॅलरीभर पसरलीय, फुलं अगदी कृष्णकमळासारखी येतात. फळ नाही. नर्सरीवाल्याने कृष्णकमळच तर दिलं नाही ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : शंका रास्त आहे, दोन्ही एकाच कुळातली. पण पान बघा, पॅशन फ्रूटचं मोठं पान तीन बोटांचं आणि काठ बारीक करवतीसारखा असतो, फूल पांढरं आणि मधली झालर बुडाशी जांभळी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तसंच दिसतंय, म्हणजे वेल बरोबर आहे.

आता फूल किती वाजता उमलतं ते रविवारी घरी असाल तेव्हा बघा. भल्या पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटत असेल तर जांभळ्या फळाची जात, ती एकटी असली तरी धरते. दुपारी बाराच्या सुमारास उमलून रात्रीपर्यंत उघडं राहत असेल तर पिवळ्या फळाची. आपल्या गरम हवेत हीच जास्त तग धरते, आणि अडचण हीच की तिला स्वतःचे पराग चालत नाहीत. याच वेलीची फांदी दुसऱ्या कुंडीत लावलीत तरी उपयोग नाही, ती तीच वेल. बियांपासून केलेली किंवा दुसऱ्या ठिकाणाहून आणलेली वेल शेजारी हवी. पराग न्यायचं काम काळा मोठा भुंगा करतो, मधमाशी लहान पडते, ती मध पिऊन निघून जाते, पाठ वर टेकतच नाही. तेव्हा भुंगा आला की झाडूने हाकलू नका. तो गॅलरीच्या बांबूत भोक पाडून राहतो म्हणून लोक वैतागतात, ते मला कळतं, पण एक जुना बांबू त्याच्या नावाने सोडून द्या ना.

प्रश्न : जूनमध्ये चौधारी घेवडा लावला. ऑगस्ट संपला, वेल छपरावर गेली, फूल नाही. काढून टाकू का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : अजिबात नाही! हा घेवडा दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. सप्टेंबरच्या शेवटी दिवस बारा तासांच्या खाली गेला की त्याला जाग येते, दसऱ्यानंतर निळसर फुलं बघा. फक्त युरिया घालू नका, मुळांवर गाठी असतात, नत्र तो स्वतः मिळवतो, वरून दिलात तर पानंच पानं. अंगणातला दिवा रात्रभर वेलीवर जळत असेल तर तो बंद करा, त्याने फुलं लांबतात. शेंगा वीतभर कोवळ्या असतानाच खुडायच्या, बोटाने मोडताना कट्कन आवाज आला पाहिजे.

प्रश्न : ॲव्होकाडोची बी ग्लासात रुजवली, आता तीन फूट झालंय. मुंबईत फ्लॅटच्या खिडकीत फळ कधी येईल? – एक वाचक, गोरेगाव

उत्तर : खिडकीत नाही येणार. बियांचं झाड जमिनीतसुद्धा कितीतरी वर्षं घेतं, आणि फळ आईसारखंच निघेल असंही नाही. शोभेचं म्हणून ठेवा, पानं छान असतात. फळच हवं असेल आणि गावाला निचऱ्याची जागा असेल तर कलम लावा.

प्रश्न : गावी कुंपणावर वेलीला बटाट्यासारखे करांदे लटकलेत, आपोआप उगवलेत. उकडून खाल्ले तर चालतील का? – एक वाचक, माणगाव

उत्तर : आपोआप उगवलेले असतील तर आधी गावातल्या जाणत्या माणसाला दाखवा. लावणीचा करांदा लोक उकडून आवडीने खातात, पण रानटी करांदा अतिशय कडू असतो आणि त्याने उलट्या-जुलाबच नाही तर यकृतालाही त्रास होऊ शकतो, नुसतं बघून दोन्हीतला फरक नवख्याला कळत नाही. घरी लावायचे तर शेजाऱ्यांच्या घरी वर्षानुवर्षं खाल्ले जाणारे दोन-तीन करांदे मागून घ्या, मे अखेरीस मातीत पुरा, चढायला भक्कम आधार द्या. कुंपणावरचे तोवर तसेच राहू द्या, आणि मुलांना हात लावू नका म्हणून सांगा.