उधळण चांगली, मग उधळपट्टी वाईट का?

प्रिय सई,

तुझा मेसेज वाचून हसूच आलं मला. आजीने व्हिडिओ कॉलवर "किती गं उधळपट्टी करतेस" म्हणून तुला झापलं आणि त्याच आठवड्यात तिनेच फॅमिली ग्रुपवर जेजुरीचा फोटो टाकून खाली लिहिलं "भंडाऱ्याची उधळण, डोळ्यांचं पारणं फिटलं". मग उधळणं चांगलं की वाईट, आणि नक्की किती खर्च झाला की उधळपट्टी म्हणायचं, असं तू विचारलंयस. फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच "हो हो कळलं" म्हणून मोकळी होशील, म्हणून लिहूनच पाठवतेय, तेवढीच देवनागरी वाचायची प्रॅक्टिस.

तर पहिलं म्हणजे, उधळपट्टीला आकडा नसतो. लाखभर रुपयांची पाटली केली तर आजी म्हणेल बरं केलंस, अडीनडीला मोडता येते, आणि पाच डॉलरच्या कशावरून तरी म्हणेल उधळपट्टी. पैसा हातातून सुटतोय पण कुठे चाललाय, किती चाललाय याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही, असं असलं की ती उधळपट्टी.

जेजुरीचं सांगते, म्हणजे फोटोचं कोडं सुटेल. पुणे जिल्ह्यातलं गाव, वर गडावर खंडोबाचं देऊळ, पायऱ्या चढून जायचं, नवीन लग्न झालेलं जोडपं असेल तर नवऱ्याने बायकोला उचलून निदान चार-पाच पायऱ्या चढायच्या अशी पद्धत (तुझ्या बाबाने चढल्या होत्या, धापा किती टाकल्या ते मी लिहीत नाही). सोमवती अमावस्येला देवाची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला निघते तेव्हा बघायचं, माणूस पिशवीत हात घालतो, मूठभर भंडारा काढतो, भंडारा म्हणजे हळदीची पूड, मूठ डोक्याच्याही वर नेतो आणि वर गेल्यावर बोटं उघडतो, "येळकोट येळकोट जय मल्हार". मग ती पूड पालखीवर, पागोट्यावर, पुढच्याच्या मानेवर, पायऱ्यांच्या सांध्यांत, सगळीकडे. कोणी झटकत नाही. म्हणून तर सोन्याची जेजुरी म्हणतात. खोबऱ्याचे तुकडेही उधळतात, ते मात्र खाली पडलेले टिपून लोक प्रसाद म्हणून खातात. कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या चैत्र यात्रेत असाच गुलाल असतो, डोंगर गुलाबी होतो.

आता हे सगळं आणलंय कशाला, तर उधळायलाच. घरून निघतानाच ठरलेलं असतं की ही पिशवी रिकामी करून यायची. म्हणून तिला उधळण म्हणतात, पट्टी तिला चिकटत नाही.

आणि गंमत बघ, लग्नात पण आपण मूठ-चिमूट तांदूळ नवरानवरीवर फेकतोच की, पण अक्षता उधळल्या असं कोणी म्हणत नाही, अक्षता टाकतात. मला वाटतं तिथे हातात मोजकेच दाणे दिलेले असतात आणि "सावधान" आल्याशिवाय टाकायचे नसतात, सगळं तालावर. उधळायला मोकळीक लागते. घोडा उधळतो, बैल उधळतो असं म्हणतो ना आपण, म्हणजे लगाम किंवा कासरा हातात राहिला नाही आणि जनावर वाट फुटेल तिकडे सुटलं. पैसा उधळला म्हणताना कानात तेच असतं, कासरा सुटला.

आता तुझी केस. तू आजीला सांगितलंस की कुकर लावला होता पण अर्धा भात टाकून दिला, आणि मग ॲपवरून डोसा मागवला. यात आजीने शब्द जरा सरसकट वापरला असं माझं मत आहे. भात टाकलास ती नासाडी. नासाडीत हौस नसते, दिखावा नसतो, नुसतं दुर्लक्ष असतं, वस्तू खराब होते किंवा कचऱ्यात जाते. अन्नाची नासाडी म्हणतात, पिकाची नासाडी म्हणतात, अवकाळी पावसाने द्राक्षांची नासाडी झाली म्हणतात, तिथे तर कोणाची चूकही नसते. डोसा मागवलास ती चैन. चैन म्हणजे तुला काय हवं ते तुला माहीत होतं, तू पैसे दिलेस, तू खाल्लंस, मजा आली. त्याला फार तर खर्चिक म्हण. पण तू जी जिमची मेंबरशिप घेतलीयस, जिथे तू गेलेली नाहीस आणि दर महिन्याला कार्डावरून पैसे जातायत आणि तुला ते स्टेटमेंटमध्ये दिसतही नाहीत, ती उधळपट्टी. शंभर टक्के. आजीला ते माहीत नाही म्हणून वाचलीस.

अपव्यय असाही एक शब्द तुला दिसेल, तो नळाशेजारच्या पाटीवर आणि सरकारी जाहिरातीत राहतो, "पाण्याचा अपव्यय टाळा". घरात कोणी तसं बोलत नाही, घरात "नळ बंद कर, पाणी वाया चाललंय" एवढंच.

आजी एवढी का चिडते तेही सांगते. तिचं माहेर बार्शीकडचं, आणि 1972 चा दुष्काळ तिने पाहिलाय. तेव्हा माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, मुलांना सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची, आणि रेशनवर मिलो यायची, लालसर ज्वारी, आपण आत्ता राहतो त्या अमेरिकेतूनच बोटीने आलेली. तिची भाकरी धड थापली जायची नाही म्हणते आजी, पण कोणी टाकली नाही. अशा बाईसमोर तू भात टाकल्याचं सांगितलंस, मग दुसरं काय होणार.

तिच्या स्वयंपाकघरात बघ कधी नीट. दुधाची पिशवी रिकामी झाली की त्यात घोटभर पाणी घालून ती हलवते आणि ते पाणी दुधातच जातं. साय रोज एका भांड्यात साठते, तिला विरजण लागतं, ताक निघतं, लोणी निघतं, लोणी कढवून तूप होतं, आणि कढईच्या तळाला जी तांबूस बेरी उरते ती साखर घालून वाटीत येते, त्या बेरीवरून मामा आणि मी भांडायचो. शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळ्या भाताला फोडणी, कोथिंबिरीची देठं चटणीत. याला काटकसर म्हणतात, आणि हिला कंजूष म्हणायची कोणाची हिंमत नाही कारण पाहुणा आला की हीच बाई साजूक तूप धार लावून वाढते, नको नको म्हटलं तरी. कंजूष स्वतःवरही खर्च करत नाही आणि दुसऱ्यावर तर नाहीच, त्याच्यासाठी चिक्कू, चेंगट, कवडीचुंबक असे एकाहून एक शब्द आहेत. शिव्या देण्यात मराठी कधीच काटकसर करत नाही.

उधळपट्टी हा शब्द घरापेक्षा पेपरात जास्त सापडतो, ते एक राहिलं. "जनतेच्या पैशांची उधळपट्टी" ही हेडलाईन महाराष्ट्रात कधीच शिळी होत नाही. रस्ता डांबरी करायचा, मग पाइप टाकायला तोच खणायचा, बुजवून परत डांबर, मग केबलवाले येतात. याला भोंगळ कारभार म्हणतात, आणि आजोबांची आवडती म्हण, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. जात्यावर बसलेल्याला दिसत नाही, तो बिचारा दळतोच आहे, पीठ मात्र घरात येत नाही. दोष दळणाऱ्याचा का कुत्र्याचा, यावर आजोबा अर्धा तास बोलतात.

तू लहान होतीस तेव्हाची एक गोष्ट यात बसते. एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायचं पाणी रेल्वेने न्यावं लागलं, मिरजेहून, पहिल्या गाडीला दहा वॅगन, 5 लाख लिटर. त्याच महिन्यात मुंबई हायकोर्टाने सांगितलं की 30 एप्रिलनंतरच्या आयपीएलच्या मॅचेस महाराष्ट्राबाहेर न्या, कारण पिच आणि ग्राउंडवर पाणी मारायचं. फायनल मुंबईत होणार होती ती बंगळुरूला गेली. आपल्या घरी यावर जोरदार भांडण झालं होतं, बाबाचं म्हणणं पिचला असं कितीसं पाणी लागतं, त्याच मराठवाड्यात उसाला मोकाट पाणी सोडतात ते कोणी बघत नाही. आणि मला वाटतं त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, पण लोकांना राग पाण्याच्या मापाचा नव्हताच. एकीकडे माणसं घागर घेऊन रांगेत आणि दुसरीकडे हिरवळीवर फवारे, हे डोळ्यांना दिसतं. ऊस दिसत नाही, कारण उसाचे पैसे येतात, आणि ज्यातून पैसे येतात त्याला उधळपट्टी म्हणायला आपली जीभ रेटत नाही. ठिबकवर ऊस घेणारे शेतकरीही आहेत म्हणा, सगळ्यांना एका माळेत ओवू नकोस.

बोलताना कसं वापरायचं तेही बघून ठेव. मुलाला उधळ्या म्हणतात, मुलीला उधळी. थोडं प्रेमाने म्हणायचं असेल तर "हात सैल आहे तिचा", आणखी सौम्य म्हणजे "हातात पैसा टिकत नाही". सढळ हात हे मात्र कौतुक आहे, तिथे गल्लत करू नकोस, सढळ हाताने मदत करतात, तूप वाढतात. सभा उधळून लावतात, ठरलेलं लग्न उधळून लावतात, पोलीस कट उधळतात, म्हणजे नीट जमत आलेलं विस्कटून टाकतात. "काय गुण उधळलेस" म्हणजे काहीतरी प्रताप केलायस. आणि कोणी अगदी आत्मविश्वासाने अर्धवट माहितीवर बोलायला लागला की तो मुक्ताफळं उधळतो, याचं उदाहरण हवं असेल तर रविवारी बाबाला शेअर मार्केटबद्दल काहीतरी विचार आणि स्पीकरवर ठेव.

तुझी,
आई