आकड्याशेजारी व्हिडिओ : कधी, कुठे, कसा?

डॅशबोर्डवर आणि अहवालात व्हिडिओ कसा लावायचा, अशी विचारणा करणारी पत्रे बरीच साठली आहेत. त्यांतली सांगली-साताऱ्याकडची काही आज घेतो. लिहिणाऱ्यांची आणि संस्थांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी संगणक विभागात आहे. रोजचे गाळप, उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण), यार्डात उभ्या गाड्या असे सगळे पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडले आहे. कार्यकारी संचालक म्हणतात, त्यात व्हिडिओही पाहिजे. पॉवर बीआय डेस्कटॉपमधले सगळे मेनू धुंडाळले, पण व्हिडिओचा पर्याय सापडत नाही. काय चुकते आहे?

उत्तर : चुकत काहीच नाही, तुम्ही भलत्या घरात शोधताय. बोलताना आपण सगळ्यालाच डॅशबोर्ड म्हणतो, पण पॉवर बीआयच्या लेखी रिपोर्ट वेगळा आणि डॅशबोर्ड वेगळा. डेस्कटॉपवर बनतो तो रिपोर्ट. तो ब्राउझरमधल्या पॉवर बीआय सर्व्हिसवर चढवायचा आणि त्यातले निवडक तक्ते पिन करून एका पानावर आणायचे. ते पान म्हणजे डॅशबोर्ड. व्हिडिओची तयार टाइल फक्त तिथे मिळते. 'एडिट'मध्ये 'ॲड अ टाइल' घ्या, 'व्हिडिओ' निवडा, यूट्यूब किंवा विमिओची लिंक द्या, झाले. सर्व्हिसला जीमेलचा पत्ता चालत नाही, कारखान्याच्या स्वतःच्या डोमेनचा ईमेल लागतो. बहुतेकांची गाडी पहिल्यांदा तिथेच अडते.

आता अडचणीचा भाग. डॅशबोर्डवरच्या टाइलला स्लायसर, म्हणजे निवड करायचे बटण, लागत नाही. तुम्ही उसाचा गट (विभाग) बदला, तारीख बदला, व्हिडिओ तोच राहणार. निवडीप्रमाणे व्हिडिओ बदलायचा असेल तर रिपोर्टमध्ये एचटीएमएल दाखवणारे बाहेरचे व्हिज्युअल बसवावे लागते. पण बाहेरून मजकूर ओढणाऱ्या व्हिज्युअलला मायक्रोसॉफ्टचे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि प्रमाणपत्र नसलेले व्हिज्युअल पीडीएफमध्ये किंवा ईमेलने जाणाऱ्या अहवालात उमटत नाही. संचालक मंडळाच्या हाती छापील कागद जात असेल तर त्या जागी रिकामा चौकोन दिसेल. म्हणून मी असल्या ठिकाणी साधे बटण लावतो. बटणाच्या ॲक्शनमध्ये 'वेब यूआरएल' निवडायचे आणि लिंक मेजरमधून, म्हणजे पॉवर बीआयमधल्या सूत्रातून, द्यायची. जो गट निवडलाय त्याचा व्हिडिओ वेगळ्या टॅबमध्ये उघडतो. दिसायला फार झकपक नाही, पण हंगामभर कटकट करत नाही.

व्हिडिओ कशाचा लावायचा हे मात्र तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे. यार्डात गाड्या किती, याला आकडा पुरे. ड्रोनने काढलेली रांग बघून कोणी मोजत बसत नाही. पण काल उतारा घसरला आणि शेतकी विभाग म्हणतो ऊस चांगला होता, तर प्रयोगशाळा म्हणते पाचट आणि माती जास्त होती, अशा वेळी गव्हाणीत (ऊस गाळपाला टाकतात त्या जागी) पडणाऱ्या मोळ्यांचा ४० सेकंदांचा तुकडा त्या घसरलेल्या आकड्याला जोडा. वाढ्यासकट (शेंड्यासकट) आलेला ऊस सगळ्यांना एकदम दिसतो आणि चर्चा मुद्द्यावर येते. आकड्याने 'का?' असा प्रश्न उभा केला आणि त्याचे उत्तर डोळ्यांना दिसण्यासारखे असले, तरच व्हिडिओला जागा द्यावी. नाहीतर नाकापेक्षा मोती जड.

प्रश्न : सांगली मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. लॉटची यादी गुगल शीटमध्ये असते आणि मुलाने त्यावर लुकर स्टुडिओ या गुगलच्या साधनात रिपोर्ट केला आहे. बाहेरच्या खरेदीदारांना प्रत्येक लॉटचा व्हिडिओ दरासमोरच दिसावा असे वाटते. मुलाने यूट्यूबची लिंक आधी दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये टाकून पाहिली, तर नुसती राखाडी चौकट आली. शिवाय माल सगळ्या जगाला दाखवायचा नाही.

उत्तर : आधी त्या राखाडी चौकटीचे. यूट्यूबवर व्हिडिओ बघताना वरच्या पट्टीत जी लिंक दिसते, ते पान दुसऱ्याच्या चौकटीत उघडायला यूट्यूबची परवानगी नसते. 'शेअर'मधल्या 'एम्बेड'खाली जी लिंक मिळते ती त्यासाठीच असते. काही साधने हा बदल आपला आपण करून घेतात. टॅब्लो या डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरमधल्या 'वेब पेज'सारख्या साध्या चौकटीत मात्र एम्बेडची लिंक हातानेच द्यावी लागते. गुगल ड्राइव्हवरच्या व्हिडिओचेही तसेच. लिंकच्या शेवटी 'व्ह्यू' असते, तिथे 'प्रिव्ह्यू' करा.

लुकर स्टुडिओ, म्हणजे २०२२ पर्यंत ज्याचे नाव डेटा स्टुडिओ होते ते, यात 'यूआरएल एम्बेड' नावाची चौकट आहे. पण ती एका पानावर एक ठरावीक व्हिडिओ दाखवण्यापुरती. तुम्हाला हवा लॉटगणिक वेगळा व्हिडिओ. त्यासाठी शीटमध्ये एक जादा रकाना करा आणि त्यात फक्त व्हिडिओची ओळख लिहा. यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओला ११ अक्षरांची ओळख असते. त्या अक्षरांवरून व्हिडिओचे छोटे चित्र आणि पूर्ण लिंक, दोन्ही सूत्राने तयार करता येतात. लुकरमध्ये 'इमेज' हे फंक्शन 'हायपरलिंक' फंक्शनच्या आत घातले की तक्त्यात लॉट नंबर, पोती, दर आणि शेजारी चित्र दिसते. चित्रावर बोट ठेवले की त्याच लॉटचा व्हिडिओ उघडतो. तक्ता गाळला, क्रम बदलला, तरी जोडी तुटत नाही.

माल कोणाला दाखवायचा याबाबत यूट्यूबचे तीन दर्जे आहेत. 'पब्लिक' सोडून द्या. 'प्रायव्हेट' ऐकायला बरे वाटते, पण तो ज्यांना आमंत्रण दिले त्यांनाच दिसतो, आमंत्रणे ५० पर्यंतच देता येतात आणि तो कुठल्याही चौकटीत लावता येत नाही. तुमच्या कामाचा 'अनलिस्टेड'. शोधून सापडत नाही, पण लिंक असेल त्याला दिसतो. एका खरेदीदाराने लिंक पुढे ढकलली तर तुम्ही अडवू शकत नाही हे धरून चाला. लॉटच्या व्हिडिओला इतके झाकण पुरते. शेतकऱ्याचे नाव, पट्टी (विक्रीचा हिशेब), बँकेचा तपशील यांतले काही चुकूनही चित्रात येऊ देऊ नका.

चित्रीकरणाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण सांगतो. हळदीत सगळा खेळ रंगाचा, आणि फोनचा कॅमेरा रंग स्वतःच्या मनाने दुरुस्त करतो. ट्यूबलाइटखाली काढलेली राजापुरी हळद एक दिसते, दारात काढलेली दुसरी. म्हणून पांढऱ्या कागदावर मूठभर माल ठेवा, शेजारी लॉट नंबरची चिठ्ठी, आणि उन्हात नाही तर सावलीतल्या दिवसाच्या उजेडात काढा. सुरुवातीलाच चिठ्ठी वाचता येईल इतकी जवळून दाखवा, मग एक हळकुंड मोडा आणि मोडलेली बाजू कॅमेऱ्यासमोर दोन क्षण स्थिर धरा. आतला रंग आणि मोडतानाचा आवाज, खरेदीदाराला हेच हवे असते. वीस सेकंद पुष्कळ झाले. व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून घेऊन मग यूट्यूबवर चढवू नका. तिथे तो आकसतो आणि रंगाची बारीक छटा जाते. कुरकुमिनचा (हळदीतल्या रंगद्रव्याचा) आणि ओलाव्याचा आकडा प्रयोगशाळेच्या दाखल्यावरून रकान्यातच लिहा, ते व्हिडिओचे काम नव्हे.

प्रश्न : कऱ्हाडात आमचे दुचाकींचे शोरूम आहे. भिंतीवरच्या टीव्हीवर विक्रीचा डॅशबोर्ड चालू असतो. त्यातला व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही.

उत्तर : आवाजासकट आपोआप सुरू होणारे व्हिडिओ क्रोम २०१८ पासून अडवतो, बाकीचे ब्राउझरही तेच करतात. एम्बेड लिंकमध्ये 'ऑटोप्ले'सोबत 'म्यूट'ही चालू करा, मग अडत नाही. माझे मत विचाराल तर आवाज बंदच बरा. समोर गिऱ्हाईक बसलेले असते.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमची फाउंड्री आणि मशीन शॉप आहे. उत्पादनाच्या डॅशबोर्डवरच सीसीटीव्ही थेट दिसावा अशी इच्छा आहे. मशीन कुठले बंद आहे ते तिथल्या तिथे कळेल.

उत्तर : मशीन बंद आहे हे कळायला कॅमेरा कशाला? तो सिग्नल मशीनच देते. तरी तांत्रिक बाजू सांगतो. सीसीटीव्हीचे कॅमेरे बहुधा आरटीएसपी पद्धतीने चित्र पाठवतात आणि ब्राउझरला ती थेट वाजवता येत नाही. मध्ये एक सर्व्हर बसवून चित्र एचएलएस किंवा वेबआरटीसीमध्ये बदलून घ्यावे लागते. एचएलएसमध्ये चित्र काही सेकंद मागे राहते, वेबआरटीसीत जवळजवळ तत्काळ येते पण सांभाळायला अवघड. कॅमेरा आणि रेकॉर्डर इंटरनेटवर उघडे टाकायचा सोपा मार्ग कोणी सुचवेल, तो मुळीच घेऊ नका.

त्यापेक्षा दुसरे करा. मशीन थांबले की त्या क्षणाआधीचे ३० सेकंद आणि नंतरचे ३० सेकंद एवढाच तुकडा रेकॉर्डरमधून काढून ठेवायचा आणि ब्रेकडाउनच्या नोंदीसमोर त्याची लिंक द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत 'ऑपरेटर जागेवर नव्हता' की 'क्रेन येईना म्हणून खोळंबा झाला' यावरचा वाद मिनिटात मिटतो. रिजेक्शनलाही हे लागू पडते. ब्लो होल (ओतकामात राहिलेली हवेची छिद्रे) वाढले तर आकड्याशेजारी ओतकामाचा तुकडा असावा.

यात एक गोम आहे. रेकॉर्डरचे घड्याळ आणि मशीनची नोंद घेणाऱ्या संगणकाचे घड्याळ सारखे चालत नाही. चार मिनिटांचा फरक पडला तर तुकड्यात भलताच माणूस दिसेल आणि बिचारा विनाकारण बोलणी खाईल. दोन्ही यंत्रे एकाच एनटीपी सर्व्हरवर (घड्याळे जुळवणाऱ्या सर्व्हरवर) लावा आणि महिन्यातून एकदा रेकॉर्डरच्या पडद्यासमोर फोनचे घड्याळ धरून ताडून पाहा.

दुसरे म्हणजे कामगार. ओळखता येणाऱ्या माणसाचे डिजिटल चित्रण म्हणजे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या भाषेत वैयक्तिक डेटा. तुकडे कोण पाहणार, किती दिवस राहणार, हे आधी लिहून काढा आणि शॉपवर सगळ्यांसमोर सांगा. चोरून लावलेला कॅमेरा एकदा उघड झाला की ब्रेकडाउनच्या खऱ्या नोंदी येणेच बंद होते, आणि मग डॅशबोर्डमध्ये बघण्यासारखे काही उरत नाही.

प्रश्न : मी सांगलीत अभियांत्रिकीला आहे. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी आणि कोयनेचा विसर्ग दाखवणारा डॅशबोर्ड मित्रांनी मिळून केलाय. पुराच्या वेळी लोकांनी पाठवलेले व्हिडिओ त्यात लावावेत का?

उत्तर : उपक्रम चांगला आहे, पण इथे हात आखडता घ्या. सांगलीकराला आयर्विनचा आकडा पाठ असतो. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते, आणि तेव्हाचे व्हिडिओ आजही दर पावसाळ्यात 'आत्ताचे' म्हणून फिरतात. पातळीचा आकडा तासाला बदलतो, व्हिडिओ मात्र जिथल्या तिथे राहतो. सकाळी ३८ फुटांना काढलेला व्हिडिओ संध्याकाळी ४३ च्या आकड्याशेजारी दिसला, तर माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवतो आणि घर सोडत नाही.

लावायचाच तर तुमच्यातल्या कोणीतरी स्वतः काढलेला लावा, तोही सुरक्षित ठिकाणाहून. शीटमध्ये काढल्याची वेळ लिहा आणि तीन तास झाले की लिंक आपोआप गाळणारे सूत्र ठेवा. वेळ व्हिडिओच्या खाली नको, चित्रावरच छापा. खाली लिहिलेले फॉरवर्ड होताना गळून पडते.

आणि नेटवर्कचा विचार करा. ७२०पी दर्जाचा व्हिडिओ साधारण सेकंदाला २ मेगाबिट धरला तर मिनिटाला १५ एमबी होतात. पुरात वीज गेलेली, टॉवर डळमळीत, फोनची बॅटरी उतरत आलेली. पुलाच्या मोजपट्टीचा एक स्पष्ट फोटो काहीशे केबीत भागतो आणि तेच सांगतो. मी तुमच्या जागी असतो तर फोटोच ठेवला असता. आकड्याखाली स्रोत आणि वेळ, आणि प्रशासनाच्या सूचनेची लिंक सगळ्यात वर.

प्रश्न : साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत मी अहवालाचे काम बघते. कोरेगाव, वाई, फलटण इथेही शाखा आहेत. मासिक अहवाल पीडीएफ करून शाखाधिकाऱ्यांच्या ग्रुपवर जातो आणि संचालकांना छापून देतो. अध्यक्षांना त्यात स्वतःचा व्हिडिओ घालायचा आहे.

उत्तर : पीडीएफच्या पोटात व्हिडिओ घालता येतो, पण फोनवरच्या बहुतेक वाचकांत तो चालत नाही आणि फाइल मात्र फुगते. व्हिडिओतले एक चित्र घ्या, त्यावर प्लेची खूण काढा आणि चित्राला लिंक द्या. छापील प्रतीसाठी त्याच लिंकचा क्यूआर कोड.

इथे एक पथ्य पाळा. यूट्यूबवर एकदा चढवलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलता येत नाही. बोलण्यात एक आकडा चुकला तरी नवा व्हिडिओ, नवी लिंक, आणि छापलेले क्यूआर वाया. म्हणून क्यूआर थेट व्हिडिओचा न देता अनलिस्टेड प्लेलिस्टचा द्या. आतला व्हिडिओ काढून दुसरा घातला तरी प्लेलिस्टची लिंक तीच राहते.

पडद्याचे रेकॉर्डिंग करताना थकबाकीदारांची यादी मागे उघडी नाही ना, ते चढवण्यापूर्वी शेवटपर्यंत बघून खात्री करा. मराठी सबटायटलची फाइल स्वतः तयार करून जोडा. शाखेत काउंटरवर बसलेला माणूस आवाज लावून बघू शकत नाही.

राहिले अध्यक्ष. त्यांचे मनोगत वार्षिक सभेच्या अहवालाला शोभेल. मासिक अहवालात एनपीए (थकीत कर्ज) का वाढला हे वसुली अधिकाऱ्याला दीड मिनिटात बोलू द्या, आणि पहिल्या महिन्यात 'हा अहवाल कसा वाचायचा' एवढाच एक व्हिडिओ तुम्ही स्वतः करा. सीडी रेशोचा (ठेवींच्या तुलनेत कर्जाचे प्रमाण) तक्ता कुठे बघायचा, लाल रंगाचा अर्थ काय, इतकेच. शाखांतून येणारे निम्मे फोन त्याने थांबतील. अध्यक्षांना पटवताना त्या फोनांचा दाखला द्या, त्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.